कोरड्या चाळणीचं गाऱ्हाणं

गाऱ्हाणं घालावं तर आमच्या शेजारच्या गुरुदासनंच. देवापुढं नारळ धरून तो "बा देवा म्हाराजा" म्हणाला की सगळा गाव गप्प. एका दमात गावाचं मागणं मागायचा. प्रत्येक मागण्याला जमलेले पुरुष "व्हय म्हाराजा!" म्हणायचे. एकदा व्हय म्हटलं की ते गावाचं झालं, मागाहून फिरायची सोय नाही.

पोटासाठी मात्र तो कणकवलीपलीकडच्या सिलिकाच्या खाणीवर. आमच्या डोंगरातली ही पांढरी रेती. तिच्या बाटल्या होतात, खिडकीच्या काचा होतात, लोखंड ओतायचे साचे होतात. गुरुदास दगड भरडायच्या यंत्राखाली चाळणीवर उभा असायचा. तोंडाला फडकं बांध म्हटलं की माझ्यावरच हसायचा. "अगो किशोरी, ही काय घाण आसा? हिचीच तर रांगोळी घालतास तुमी!" खरंच होतं ते. त्याच भुकटीनं आम्ही भांडीही घासायचो. पांढरं म्हणजे स्वच्छ, एवढीच आमची अक्कल. जळली मेली ती अक्कल!

छातीत धूळ बसली. डॉक्टर म्हणाले, ही आता निघायची नाही. गुरुदास घरी बसला, आणि दसऱ्यानंतर त्याच चाळणीवर त्याचा झील सुशांत उभा राहणार होता. बाप नको नको म्हणे. सुशांत म्हणे, "मगे खंय जाव? तूच सांग." गुरुदासची बायको सीता खाणमालक भाईंकडं किती वेळा गेली. निदान चाळणीवर पाणी सोडा, धूळ खाली बसेल. भाई म्हणायचे, "बघूया." त्या बघूयाची मला अजून चीड येते.

खंडेनवमीला यंत्राची पूजा. गाऱ्हाण्याला भाईंनी गुरुदासलाच बोलावलं. सीता त्याला धरून घेऊन आली. गाऱ्हाण्यातलं शेवटचं मागणं घालणाऱ्याच्या घराचं असतं. ती मला हळूच म्हणाली, "आज तरी सोतासाठी मागांदेत."

गुरुदासनं नारळ धरला. "बा देवा म्हाराजा! ह्या खाणीक बरकत दी!"

"व्हय म्हाराजा!"

तो थांबला. कसाबसा श्वास गोळा केला. "पाणी सोडल्याशिवाय कोणी ह्या यंत्र चालू करता नये, अशी बुद्धी सगळ्यांका दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सवयीनं सगळे ओरडले. भाईंचा आवाज सगळ्यांत मोठा. मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला आणि चेहरा खर्रकन उतरला. पण आता बोलतात काय? देवासमोर व्हय म्हणून बसले होते.

आता घरचं मागणं. गुरुदासनं तोंड उघडलं, पण दम आलाच नाही. नुसते ओठ हलले. काय मागितलं ते कळेना, म्हणून कोणी होकारही देईना. गाऱ्हाण्यात आम्ही बायका कधी आवाज काढत नाही. पण सीता पुढं झाली आणि रडत रडत मोठ्यानं म्हणाली, "व्हय म्हाराजा!"

दिवाळीआधी चाळणीवर पाण्याचा पाइप आला. तुळशीच्या लग्नाआधी गुरुदास गेला.

बाराव्याला मी सीताला विचारलं, "त्या दिवशी काय मागितल्यान गो?"

"माका काय म्हायत?" ती म्हणाली. "पण तेचा मागणा तसाच रवला असता, ता माका बघवला नसता."