मामा पसंत, मुलगा कळला नाही

बोलताना माझी जीभ अडते, लहानपणापासून. एखाद्या अक्षरावर आडमुठ्या बैलासारखी बसते आणि तिच्या मनात येईल तेव्हा उठते. त्यामुळे मला शब्दांची टंचाई मात्र कधी पडली नाही. मी तोंड उघडायचा अवकाश, हदगावात जो तो शब्द पुरवतो. हॉटेलात मी ‘भ’ म्हटलं की मालक भजी आणून ठेवतो. मला भेळ हवी असते. मीही काही कमी नाही. भजी खाऊन टाकतो आणि पुन्हा ‘भ’ सुरू करतो. मालक घामाघूम होतो.

या पुरवठादारांत माझा मामा सगळ्यांत मोठा. जीव लावणारा माणूस, पण माझं वाक्य पुरं होऊ देईल तर शपथ. लग्नासाठी मुली बघायला निघालो तेव्हा तोच पुढे. प्रश्न मला, उत्तर मामाचं. दोन घरांतून निरोप आला तो सारखाच: मामा लई चांगले हायत, मुलगा काय कळला न्हाई. मला हसू यायचं आणि वाईटही वाटायचं, कारण मला खरंच लग्न करायचं होतं.

मग रेणापूरचं स्थळ आलं. पोहे पुढ्यात आले. काय करता, असं मुलीच्या वडिलांनी मला विचारलं.

“खताचं दुकान हाय त्याचं, जोरात चालतंय,” मामा म्हणाला.

शेती किती, तेही मामानेच सांगितलं. मी पोह्यांतले शेंगदाणे वेचत बसलो. शेवटी वडील मुलीला म्हणाले, “तुला काही इचारायचं आसंल तर इचार.”

तिने माझ्याकडे बघितलं. “तुम्हाला इथं यायचं होतं का, का घरच्यांनी आणलं?”

“म... म...”

“मनापासून आलाय,” मामा म्हणाला.

“मामा, मी त्यांना विचारलं.” तिचा आवाज चढलेला नव्हता. मग मला म्हणाली, “तुम्ही अडलात की शब्द दिलेला चालतो, का मी थांबू?”

आजवर लोकांनी मला शब्द दिले, नवस सांगितले, मधातून वेखंड चाटवलं. हे कुणी विचारलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण खोडकरपणा काही गेला नाही.

“थां... थांबा,” मी म्हणालो.

मामाने पोह्यांचा मोठा घास तोंडात कोंबला, बहुतेक स्वतःच्या बंदोबस्तासाठी. चहावर साय धरली. मी आपला निवांत, एकेक अक्षर उचलत म्हणालो, “मला यायचं होतं. मा... मामाला घरी ठेवून.”

आधी ती हसली. मामाला हसता हसता ठसका लागला.

होकार आला. त्यात मामाचा उल्लेखही नव्हता, आणि मामाला ते अजून लागतं.

आता ती माझी बायको आहे. बोलण्यात कुणाला हार जात नाही. मामाचं वाक्य तर हमखास मध्येच तोडते. माझं कधीच नाही. भांडणातसुद्धा हाताची घडी घालून थांबते. मी रागाने काहीतरी लागट बोलायला निघतो, पहिल्याच अक्षरावर अडतो, आणि ती समोर उभी असते, सगळं ऐकायला तयार. तेवढ्यात माझं मलाच ते वाक्य नकोसं होतं. मग मी चहा मागतो. तोही पुरता मागून होईपर्यंत ती हलत नाही.