साधारणच्या खान्यातली पोरगी

आंजीकडच्या एका गावात मी अंगणवाडी चालवायची. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. दर महिन्याला पोरांची वजनं घेऊन तक्ता भरायचा: साधारण किती, कुपोषणाच्या पहिल्या श्रेणीत किती, असं सगळ्यात वाईट चौथ्या श्रेणीपर्यंत. तिसऱ्या-चौथ्या श्रेणीतल्या पोराला सुकडी, म्हणजे सरकारी पोषक खाऊ, दुप्पट.

एका उन्हाळ्यात वजनकाट्याची स्प्रिंग गेली. तपासणीला येणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "खाने रिकामे ठेवू नका. एकूण पोरं धरा आणि मागच्या महिन्यासारखी वाटून टाका."

मागच्या महिन्यात अडतीस होती, आता बेचाळीस. चार नवीन पोरं कुठं वाटू? हिशोब जमेना. चारही साधारणमध्ये टाकली. तो खाना मोठा, तिथं कोणी विचारत नाही. बेरीज बरोबर आली.

त्या चारांत एक पोरगी होती. तिची आई माहेरी राहायला आली होती. पोरगी वाळलेली, मांडीची कातडी लोंबत होती. मला ती दिसत नव्हती असं नाही.

"बाई, माह्या पोरीले एकच वाटी काऊन?" आईनं विचारलं.

"तिचं नाव साधारणमध्ये हाय. कागद तसा हाय."

"कागदाले भूक लागते का, बाई?"

बाकीच्या बाया हसल्या. मला राग आला. "तुले लय समजते त तूच भर तक्ता," मी म्हटलं. ती पोरीला कडेवर घेऊन गेली. पुढचे दोन महिने मी तोच तक्ता उतरवला.

मग नवा काटा आला. पोरीला झोळीत बसवलं तर काटा धड हललाच नाही. चौथी श्रेणी. तिला वर्ध्याच्या दवाखान्यात पाठवलं. तिथून आई तिला घेऊन परस्पर सासरी गेली. पोरगी जगली की नाही, मला माहीत नाही. मी विचारायला गेले नाही.

मॅडमनी तक्ता पाहिला. "साधारणमधून एकदम चौथीत? कारण लिहा."

काटा बंद होता, हे त्यांनाही माहीत होतं. मी पेन घेतला आणि लिहिलं, 'आईचा निष्काळजीपणा.' जोडाक्षर मॅडमनी सांगितलं. अक्षर माझं आहे.