शिळं पाणी

नौपाड्यातल्या भाड्याच्या घरी रोज सकाळी नळ यायचा. नळ आला की आई कळशीतलं कालचं पाणी मोरीत ओतायची, कळशी चिंचेने घासायची आणि ताजं भरायची. रात्र उलटली की पाणी शिळं, हा तिचा कायदा. मलाही तेव्हा त्यात काही वावगं वाटत नसे.

पुढे ते घर सुटलं आणि आई आणि मी ठाण्यापलीकडे दिव्याला राहायला आलो. इथे पाणी एक दिवसाआड, तेही नळाच्या मनात असलं तर. मी इरेला पेटलो. आधी तोटीचं निळं पिंप आणलं, मग बाल्कनीत टाकी, मग मोरीवरच्या माळ्यावर दुसरी. सोसायटीच्या सभेत भांडून जमिनीखालची टाकीही वाढवून घेतली. शेजारचे काका म्हणाले, "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. पुढच्या दुष्काळाची तयारी करणाऱ्याला हसणारी माणसं मला सहन होत नाहीत.

गेल्या मे महिन्यात टाक्या तळाला गेलेल्या. पिण्यापुरतं पाणी तेवढं पिंपात राखून ठेवलेलं. एका सकाळी नळ दोनदा खाकरला. आईला वाटलं, पाणी आलं. तिने पिंपाची तोटी सोडली आणि सगळं पाणी मोरीत जाऊ दिलं. नळातून नुसती हवा आली. पुढचे तीन दिवस तेवढंही नाही.

मी दार उघडं असताना ओरडलो, "शिळं-ताजं करायला आपण नदीवर राहतो का? यापुढे मला विचारल्याशिवाय पाण्याला हात लावायचा नाही." जिन्यात माणसं थांबली होती.

पंधरा दिवसांनी ती स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली. मी उन्हाला दोष देत होतो. डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावलं आणि मला विचारलं, "यांना घरी पाणी प्यायला देता ना?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता पावसाळा आहे. दोन्ही टाक्या काठोकाठ भरल्यात, पिंपही भरलंय. आई, हवं तेवढं पी, असं मी तिला हजारदा सांगितलंय. ती मान डोलावते.

काल दुपारी मी पेपर वाचत होतो. ती रिकामं भांडं घेऊन पिंपापाशी किती वेळ उभी होती, कोण जाणे.

"अरे," ती म्हणाली, "अर्धं घेऊ का?"