पाहुणे येऊन राहिले

स्टाफरूममध्ये किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. दुपारच्या सुट्टीत डबे उघडले की एकजण काहीतरी सांगतो, दुसऱ्याला त्यावरून आणखी काही आठवतं, आणि घंटा झाली की सगळं अर्धवट टाकून आम्ही वर्गावर पळतो. असे साचत जातात. पण मोबाइलमधलं ते एआय आमच्या शाळेत शिरल्यापासून किस्से इतके वाढले की डबा उघडायच्या आधीच कोणीतरी कपाळावर हात मारून बसलेलं असतं.

आमची शाळा मध्य प्रदेशात, सौसर आणि रामाकोन्याच्या मधली. शिकवणं हिंदीत, सरकारी कागद हिंदीत, मी शिकवते तो विषय मराठी, आणि बोलणं सगळ्यांचं आपलं इकडचं, 'करून राहिलो, जाऊन राहिलो'वालं, म्हणजे करतोय, जातोय. ही शेवटची गोष्ट लक्षात असू द्या.

आणि एक आधीच सांगून ठेवते. पहिले किस्से ऐकून हसलात तर हसा, मीही हसले. शेवटचा माझ्यावरचा आहे. त्यात नववीतल्या एका पोरीची शाळा कायमची सुटायची वेळ आली होती आणि कागदावर सही माझी होती.

* * *

सुरुवात धोटे सरांपासून. सर विज्ञान शिकवतात. माणूस हौशी. नवीन काही आलं की सगळ्यांत आधी त्यांच्या मोबाइलमध्ये.

सहामाहीचा पेपर त्यांनी एआयकडून काढून घेतला. पाच मिनिटांत पेपर तयार! सरळ झेरॉक्सला टाकला आणि वर्गात वाटला. त्या यंत्राची सवय तुम्हाला माहीत असेल, काम झालं की खाली नम्रपणे एक ओळ लिहितं. तीही छापली गेली, प्रश्न अकरावा म्हणून. होती हिंदीत, अर्थ असा: 'तुम्हाला हवी असल्यास मी याची सोपी आवृत्ती देऊ का?'

बेचाळीसपैकी एकोणतीस पोरांनी उत्तर लिहिलं होतं. 'हो सर, द्या.'

इथवर आम्ही पोट धरून हसलो. मग कळलं की पेपर तपासायलाही सरांनी त्यालाच दिले होते. त्याने त्या एकोणतीस जणांना शेरा दिला होता, 'उत्तर नेमके व स्पष्ट', आणि दोनपैकी दोन गुण.

सर म्हणाले, "बेरीज तं बरोबर हाये ना पन?"

* * *

आमचे बडे बाबू म्हणजे कार्यालयाचे हेडक्लार्क. पालकांचे निरोप वाचून उत्तरं देणं त्यांच्याकडे. ते काम त्यांनी मोबाइलवर सोपवलं.

एका पालकाचा निरोप आला. 'माही माय मरून राहिली. पोरगा आज येत नाई.'

आता आपल्याकडच्या कोणालाही कळतं की म्हातारीची तब्येत फार बिघडली आहे. पुण्याकडच्या पुस्तकातून मराठी शिकलेल्या यंत्राला काय कळणार? मरून राहिली म्हणजे मेली. त्याने तीन परिच्छेदांचं शोकपत्र लिहिलं, मातृछत्र हरपलं, वात्सल्याचा झरा आटला, सगळं. बाबूंनी ते प्राचार्य मॅडमच्या नावाने पालकांच्या ग्रुपवर टाकून दिलं. संध्याकाळपर्यंत पासष्ट जणांनी हात जोडले.

म्हातारी तेव्हा पांढुर्ण्याच्या दवाखान्यात सलाइन लावून चहा मागत होती.

पंधरा दिवसांनी ती स्वतः शाळेत आली. नातू सोबत, हातात त्या पत्राची प्रिंट. प्राचार्य मॅडम उठून उभ्याच राहिल्या, बाबूंच्या तोंडचं पाणी पळालं. आम्ही सगळे दारात, आता काय होतं बघायला.

म्हातारी म्हणाली, "हे कोनं लिवलं? मायाबद्दल इतकं चांगलं घरात आजवर कोनी बोललं नाई. यावर शिक्का मारून द्या. सुनेले दाखवतो."

बाबूंनी शिक्का मारून दिला.

* * *

मग वरून पत्र आलं. सर्व कर्मचाऱ्यांनी एआयचा जबाबदारीने वापर कसा करावा याचं प्रशिक्षण घ्यावं, आणि 'मी एआय जबाबदारीने वापरतो' यावर स्वतःच्या शब्दांत अर्धं पान लिहून द्यावं.

स्टाफ अकराजणांचा. दहाजणांची अर्धी पानं शब्दशः एकसारखी! सुरुवातीलाच, 'आजच्या वेगवान युगात'. माझंही त्यात होतं, खोटं कशाला बोलू? प्राचार्य मॅडमनी वरचं एक वाचलं, छान आहे म्हणाल्या आणि अकराही पुढे पाठवली.

अकरावं पान खोब्रागडे मॅडमचं. त्या संगणक शिकवतात, म्हणजे हे सगळं कसं चालतं ते आमच्यात त्यांनाच खरं माहीत. त्यांनी हाताने लिहिलं होतं, चारच ओळी. मुलांचं काही त्यात टाकत नाही. त्याने दिलेलं वाचल्याशिवाय पुढे देत नाही. चुकलं तर चूक माझी. समजलं नाही तर मुलालाच विचारते.

आठ दिवसांनी त्यांना लेखी विचारणा झाली, आपले उत्तर इतरांच्या नमुन्याप्रमाणे का नाही?

बाईंनी तो कागद टेबलाच्या काचेखाली लावून ठेवला.

* * *

धोटे सरांना वर्गाची यादी नीट लावायची होती. त्यांनी पोरांची नावं, आधार नंबर, जात, बापाचा फोन, कोणाला फिट येते, कोणाची आई घर सोडून गेली, सगळं रजिस्टर फोटो काढून त्या फुकटच्या ॲपमध्ये घातलं. यादी सुंदर आली. ती दाखवायला ते स्टाफरूममध्ये आले.

खोब्रागडे मॅडमच्या हातातला घास तसाच राहिला. "सर, हे कुठं गेलं मालूम हाये?"

"कुठं जाते? माया मोबाइलमध्येच हाये."

"मंग तुमच्या पोरीचंबी टाका त्यात. तिचा दवाखान्याचा कागदबी टाका."

सरांनी मोबाइल खिशात टाकला. त्यांच्या मुलीचं औषध चालू आहे आणि ते तिच्या सासरी कळू नये म्हणून ते किती जपतात, हे आम्हाला माहीत होतं. बाई जरा जास्तच बोलल्या असं मला तेव्हा वाटलं. आता वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सर हसत आले. "मिटलं मॅडम. सगळं डिलीट केलं. वरतून त्यालेच विचारलं, इसरला का रे? हे पाहा, तो हो म्हनून राहिला."

खोब्रागडे मॅडमनी डोळे मिटून घेतले.

* * *

या सगळ्याला सगळ्यांत मोठ्याने मीच हसत होते. आता माझं ऐका.

दर शुक्रवारी मराठीच्या तासाला मी नववीच्या पोरांकडून 'मनातली वही' लिहून घेते. काहीही लिहा, कसंही लिहा, तुमच्या बोलीत लिहा, शुद्धलेखनाचे गुण कापणार नाही. पोरं सुरुवातीला लाजली, मग लिहायला लागली. फार चांगलं लिहायची. मी प्रत्येक वही वाचायचे, हे अभिमानाने सांगते. वाचायचे, असंच म्हणावं लागेल.

या वर्षी प्रगतिपत्रकात नवीन रकाना आला. प्रत्येक मुलाबद्दल वर्गशिक्षकाने पालकांसाठी मराठीत पाच ओळी लिहायच्या, स्वभाव, आवडी, घरचं वातावरण. बेचाळीस मुलं, दोन दिवसांची मुदत. धोटे सर म्हणाले, "मॅडम, वह्याइचे फोटो काढा अन् टाका त्याच्यात. जीव कायले देऊन राहिल्या?"

टाकले. नावं झाकली, फक्त हजेरी क्रमांक ठेवले, तेवढी अक्कल शिल्लक होती. एका तासात बेचाळीस मुलांच्या पाच पाच ओळी आल्या. भाषा कशी, गुळगुळीत! पहिली तीन-चार वाचली, मग फक्त सह्या केल्या. पालकसभेत पत्रकं वाटली. पालक खूश, प्राचार्य मॅडम खूश.

त्यानंतर निशा शाळेत येईना. नाव बदललं आहे, पण मुलगी खरी. वय चौदा. तिचा बाप जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलतो, आई संत्र्याच्या बागेत तोडणीला जाते. आठव्या दिवशी मी तिच्या मैत्रिणीला विचारलं, तर ती सहज म्हणाली, "तिचं पक्कं होऊन राहिलं ना मॅडम. आज दुपारी पाहुणे येनार हायेत, साखरपुड्याची तारीख काढाले. आतापोतर चार जागचे पाहून गेले. तिनं वहीत लिहिलं होतं ना तुमाले."

मी वर्गाबाहेर येऊन मोबाइल काढला.

वहीच्या पानाचा फोटो माझ्याच मोबाइलमध्ये होता. मीच काढलेला. व्हरांड्यात उभ्या उभ्या मी तो पहिल्यांदा वाचला.

'दिवाळीपासून पाहुणे मले पाहाले येऊन राहिले. आई मले साडी नेसवून देते. मी चहा नेतो. बाबा म्हनते हे शाळेचं शेवटचं साल. घरचे सारे खूश हायेत. मले शाळा लागते. मॅडम तुमी बाबाले सांगा.'

मग प्रगतिपत्रकाची प्रत काढली. निशाच्या पाच ओळी अशा:

'विद्यार्थिनीला पाहुण्यांची विशेष आवड आहे. दिवाळीपासून पाहुणे तिच्या घरी येऊन राहिले आहेत. पारंपरिक वेशभूषा व आदरातिथ्य यांत ती रस घेते. शालेय जीवनाच्या शेवटच्या वर्षाचा ती आनंद घेत आहे. कुटुंबाच्या निर्णयांत ती आनंदाने सहभागी होते.'

खाली माझी सही, तारखेसकट.

प्राचार्य मॅडमना कसंबसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "जा, आधी जा." खोब्रागडे मॅडमनी गाडी काढली, मी मागे बसले.

घरासमोर सतरंजी टाकलेली, शेजारच्या खुर्च्या आणलेल्या, पाहुणे अजून यायचे होते. निशाच्या बापाने आम्हाला पाहिलं आणि त्याचा चेहरा फुलला. "या मॅडम, या! चांगल्या वेळेवर आल्या. तुमचाच कागद दाखवून राहिलो मी साऱ्याइले."

आणि त्याने आतून प्रगतिपत्रक आणलं. सौसरच्या झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेशन करून घेतलेलं! या आठ दिवसांत आलेल्या प्रत्येक पाहुण्याच्या हातात ते दिलं जात होतं. पोरगी चांगल्या वळणाची आहे, पाहुण्यांचं करते, घरच्यांच्या शब्दाबाहेर नाही, आणि हे शाळाच लिहून देते आहे.

खोब्रागडे मॅडम म्हणाल्या, "भाऊ, पोरगी चौदाची हाये. अठराच्या आत लग्न म्हनजे गुन्हा. तुमच्यावर केस होईन."

"मले मालूम हाये," तो म्हणाला. "मायं मन नवतंच होत. पन हा कागद आला. मले वाचता येत नाई. दुकानवाल्याकडून तीनदा वाचून घेतला. पोरगी आनंदानं तयार हाये, असं लिहिलं यात. म्हटलं, मॅडमले तं ते पोट्टे खरं सांगते. शाळेलेबी पटलं, मंग आपन काऊन आडवं यावं?"

मी म्हणाले, "हे मी लिहिलेलं नाही. मोबाइलने लिहिलं. मी वाचलंसुद्धा नव्हतं."

तो कागदाकडे पाहत राहिला. रागावला नाही. त्याला खरंच समजत नव्हतं.

"तुमाले तं वाचता येते ना, मॅडम?"

त्याने कागद माझ्यापुढे धरला.

निशा दारात उभी होती, साडी नेसून. ती आत गेली आणि वही घेऊन आली. पान उघडून माझ्या हातात दिली. माझ्याकडे पाहिलंही नाही.

"वाचा मॅडम," ती म्हणाली. "मोठ्यानं वाचा. बाबाले ऐकू द्या."

मी वाचलं. जसं लिहिलं होतं तसंच, तिच्या शब्दांत. शेवटची ओळ मी दोनदा म्हटली.

बाप सतरंजीवर बसला. मग म्हणाला, "आनखी एक बार वाचा."

मी परत सगळं वाचलं. त्याने खिशातून मोबाइल काढला, निशाकडे दिला आणि म्हणाला, "पाहुन्याइचा नंबर लावून दे. येऊ नका म्हनतो."