क्लचवरचा पाय

आबांची जीप मी सांगलीला आणली ती दुरुस्त करायला नव्हे, बंद पाडायला. घरी मात्र सांगितलं की क्लच स्लिप होतोय, शिराळ्यात हे काम व्हायचं नाही. तेही खोटं नव्हतं. चढाला इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी सरकायची नाही आणि जळका वास यायचा. पण माझं लक्ष क्लचपेक्षा आबांच्या डाव्या गुडघ्यावर होतं. ऑपरेशन झाल्यापासून माझ्या वडिलांना तो पाय चटकन उचलता येत नाही, आणि तरी ते रोज गाडी काढत. सैन्यात सगळी नोकरी त्यांनी ड्रायव्हर म्हणून केली. गावात आजही ते ‘डायव्हर’च आहेत. त्यांना आता थांबा असं म्हणायची माझी हिंमत नव्हती.

गॅरेज मार्केट यार्डाच्या मागं आहे. तिथल्या पान्यांवरही हळदीची धूळ बसलेली असते. मिस्त्री आबांच्या जुन्या ओळखीचे. मी त्यांना बाजूला घेतलं आणि म्हणालो, “गिअरबॉक्स उतरवला की आबांना फोन करा. सांगा, या गाडीत आता काही राहिलं नाही.”

“आन् मग?”

“मग काय, भंगारात.”

मिस्त्री तंबाखू थुंकून आले. “साहेब, माझ्या पोरीच्या लग्नात नवरीची गाडी ही होती. आन् डायव्हर तुमचे वडील. खोटं बोलायचं आसंल तर तुमी बोला. मला त्यांच्यासंगं चहा प्यायचा आसतो.”

दुसऱ्या दिवशी गेलो, तर आबा एसटीनं येऊन जुन्या टायरवर बसलेले. हातात क्लच प्लेट. तिच्यावरचा थर पार झिजून रिबिटं उघडी पडली होती. शेजारी मागच्या चाकांकडं जाणारा शाफ्ट पडला होता आणि त्याच्या टोकाच्या सांध्यातला क्रॉस हात लावला तरी खुळखुळत होता.

“क्रॉस माझ्यामुळंच गेला,” आबा ऐटीत सांगत होते. आमच्याकडं कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॉल्या पाणंदीत रुततात. ट्रॅक्टरला जोर पुरेना की जीपवाल्याला हाक येते, आणि आबा कुणाला नाही म्हणत नाहीत. “ट्रॉली वडली, हिसका बसला, तवाच आवाज आल्ता. क्लच बी त्यातच जळाला आसंल. व्हय का न्हाई?”

मिस्त्रींनी क्लचचं रिलीज बेअरिंग बोटावर फिरवून बघितलं. ते घरघरलं. “आसंल की फौजी. भरली ट्रॉली म्हंजे काय थट्टा हाय?” असं म्हणून त्यांनी ते बेअरिंग हळूच फडक्याखाली सरकवलं.

“ट्रॉलीनं बेअरिंग जात नाही आबा,” मी म्हणालो. “पाय सारखा क्लचवर ठेवला की जातं. तुमचा पाय उचलत नाही आता.”

एक रिक्षावाला आपल्या रिक्षाचं काम होईतो गप्पा मारत उभा होता. तो उगाच रस्त्याकडं बघायला लागला. आबा एवढंच म्हणाले, “व्हय?” आणि प्लेट खाली ठेवली.

मी बोललो ते खरं होतं. पण घरात, दोघंच असताना, मला ते बोलता आलं नसतं. चार माणसांत ते मला दटावून गप्प करणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. त्याचा मी फायदा घेतला.

दुपारपर्यंत नवी प्लेट, नवं बेअरिंग, नवा क्रॉस बसला. किल्ली मिस्त्रींनी माझ्याकडं न देता आबांना दिली. “फौजी, क्लच लय हलका झालाय. लगीच धरतोय. जपून.”

“रिक्रूटाला शिकव जा,” आबा म्हणाले.

सांगली मागं पडली. जीप न कुरकुरता पळत होती. गिअर पडला की आबा डाव्या हातानं गुडघ्याजवळ पँट धरायचे आणि पाय उचलून क्लचवरून बाजूला ठेवायचे. पुढचा गिअर टाकायच्या आधी तो तसाच उचलून परत पेडलवर. माझ्याकडं ते बघत नव्हते. मी बोललो होतो ते पाळत होते.

आष्ट्याच्या पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर आमच्या पुढं होता. तो एकाएकी थांबला. आबांचा ब्रेक वेळेवर लागला, पण डावा पाय क्लचपर्यंत पोचला नाही. हिसका देऊन इंजिन बंद पडलं. ट्रॉलीबाहेर आलेले ऊस आमच्या काचेपासून हातभर अंतरावर होते.

आबांनी गाडी न्यूट्रलला आणली, हँडब्रेक ओढला आणि उतरले. गाडीचा आधार घेत मागून वळसा घालून ते माझ्या बाजूला आले, दार उघडलं आणि ते धरून ताठ उभे राहिले. साहेब लोकांसाठी त्यांनी असंच दार धरलं असणार.

“उतर. तिकडं बस.”

“आबा, मला तसं म्हणायचं नव्हतं.”

“मागं गाड्या खोळंबल्यात रं.”

मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहायला हवं. मला हवं होतं तेच झालं होतं.

मी गाडी चालवू लागलो. आबांचा डावा पाय समोरच्या मॅटवर दाबला जात होता, प्रत्येक गिअरला, माझ्या थोडा आधी. मी जिथं इंजिनाला ओरडू देत होतो, तिथं त्यांचा पाय केव्हाच दाबून सुटलेला असायचा. पेठ नाका ओलांडल्यावर मी इंजिनाचा आवाज ऐकणं सोडलं आणि त्या पायाकडं बघून गिअर टाकायला लागलो. पुढं कुठं धक्का बसला नाही.

घरासमोर थांबलो तेव्हा त्यांचा पाय अजून मॅटवर दाबलेलाच होता. मी इंजिन बंद केलं. मग त्यांनी पँट धरून पाय उचलला आणि ते उतरले.