आधी ओतायचं, मग वाचायचं

ब्लीचमामा हे नाव त्यांना गाडीवाल्यांनी ठेवलं. खरं नाव पगाराच्या पावतीपुरतं उरलं होतं. शहरभरच्या दवाखान्यांतून रक्त, थुंकी आणि आणखी काय काय घेऊन मोठ्या प्रयोगशाळेकडे गाड्या धावायच्या. एखाद्या गाडीत काही फुटलं, गळलं, सांडलं की मामांना बोलावणं यायचं. एरवी ते डेपोच्या मागच्या अंगाला बादल्या धूत बसलेले असायचे. असलं काम कुणी हौसेनं मागून घेत नाही. मामांच्याही ते गळ्यात पडलं होतं, कारण नाही म्हणणं त्यांना जन्मात जमलं नाही.

रोज सकाळी ते ब्लीचचं पाणी नव्यानं करत. शिळ्या पाण्याला वास राहतो, जोर राहत नाही. वर्षानुवर्षं ते शिंतोडे उडून त्यांच्या सगळ्या पँटींवर पांढरे ठिपके पडले होते. घरी थोरली बहीण त्यावरून त्यांना छळायची. "लोकांना वाटेल माझा भाऊ चुना लावायच्या धंद्यात आहे," ती म्हणायची, "आणि तुझं तोंड बघून त्यांची खात्रीच पटेल."

मामा आणि ताई दोघंच एका घरात राहत. आई लवकर गेली, तेव्हापासून ताईनंच मामांना वाढवलं, आणि वाढवून झाल्यावरही हातातून सोडलं नाही. ती बस स्थानकाच्या चौकशी खिडकीत नोकरीला होती. आयुष्यभर लोकांचे प्रश्न ऐकूनही तिचं पोट भरलं नव्हतं. भिंतीपलीकडच्या नवराबायकोचं भांडण सुरू झालं की ती रेडिओ बारीक करायची. "आता गप्प बस, रंगात आलंय," असं मामांना दटावायची. मामा मुळात बोलतच नसत, पण दटावून घ्यायला त्यांना बरं वाटायचं.

अशा बाईला क्षयानं धरलं. साध्या गोळ्या लागू पडल्या नाहीत, दुसऱ्या दिल्या, त्याही वाया गेल्या. मामांची तपासणी झाली, त्यात काही निघालं नाही. पण हा रोग आपणच कपड्यांतून, बुटांतून, कशातून तरी घरी आणला, हे त्यांच्या डोक्यात घट्ट बसलं होतं. डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा सांगितलं की असं काही सिद्ध होत नाही. मामांनी मान डोलावली आणि विश्वास ठेवला नाही. ताईला हे कळत होतं. "जंतूंनी तुला सोडून मला धरलं," ती म्हणाली, "म्हणजे चवीचं कळतं त्यांना." नंतर ती इतकी खोकली की नर्सला धावत यावं लागलं.

शेवटी डॉक्टरांनी मामांना बाजूला घेतलं. एक नवी गोळी होती. ती ताईला लागू पडेल की नाही, हे कळायला फुफ्फुसात नळी घालून आतलं पाणी काढायचं आणि प्रयोगशाळेकडे पाठवायचं. त्याचा निकाल हाती आल्याशिवाय ती गोळी कुणाला मिळत नव्हती.

"आणि नाही आला निकाल तर?" मामांनी विचारलं.

"तर जुनी इंजेक्शनं. अंदाजानं द्यायची. त्यानं कान जायची भीती असते." डॉक्टर म्हणाले. "आणि नळी एकदाच घालता येईल. दुसऱ्यांदा त्यांना झेपणार नाही."

ताईनं नळी सोसली. बाहेर आली तेव्हा ओठ निळसर पडले होते, घसा सोलवटून निघाला होता, तरी मामांना जवळ बोलावून घोगऱ्या आवाजात म्हणाली, "नीट जाऊ दे रे ते. माझ्याच्यानं परत व्हायचं नाही."

मामा तिथून थेट कामावर गेले. दुपारी फोन आला. गाडी शाळेजवळच्या वळणावर उभी होती. समोर सायकल आली म्हणून ड्रायव्हरनं जोरात ब्रेक मारला होता, आणि सीटवर नुसताच ठेवलेला नमुन्यांच्या नळ्यांचा डबा खाली आदळला होता. डबा मागच्या कप्प्यात पट्ट्यानं बांधायचा असतो, पण पट्टा गेले कित्येक दिवस तुटलेला होता आणि सगळ्यांना ते माहीत होतं. झाकण निघालं होतं. गाडीच्या तळावर ओल पसरली होती.

मामांनी काचा लावून घ्यायला सांगितल्या, ड्रायव्हरला वाऱ्याच्या उलट बाजूला उभं केलं, शाळेच्या शिपायाला फाटक बंद करायला लावलं. बघ्यांना त्यांनी काही सांगितलं नाही. मामांनी मास्क, चष्मा आणि हातमोजे चढवले की गर्दी आपोआप मागे सरते, हे त्यांना पाठ होतं.

"मामा," ड्रायव्हर लांबूनच म्हणाला. "वरच्या मजल्यावरच्या वॉर्डाचंही यातच आहे."

मामांनी हातातली बादली खाली ठेवली. ताई त्याच वॉर्डात होती.

"बघू का वाकून? कुठली नळी फुटलीय ते तरी कळेल."

"नाही," मामा म्हणाले.

हा नियम कुठल्या पुस्तकातला नव्हता. तो मामांचा स्वतःचा होता आणि डेपोतल्या प्रत्येकाला त्यांनी तो घोकून घ्यायला लावला होता. आधी ओतायचं, मग वाचायचं. कागद अंथरायचा, कडेकडेनं आत गोल फिरवत ब्लीचचं पाणी ओतायचं, अर्धा तास थांबायचं, आणि मगच चिमट्यानं उचलून नळीवरची नावं वाचायची. पूर्वी त्यांच्याबरोबर काम करणारा एकजण सांडलेल्यावर वाकून नाव वाचत बसला होता. ओळखीचं निघालं म्हणून नळी वाचवायला गेला, आणि पुढे स्वतःच खाटेला खिळला. नाव वाचलं की हात अडतो, असं मामा म्हणायचे. हात अडला की कुणीतरी मरतं.

डब्यात नळ्या पुष्कळ होत्या. फुटली असेल ती एखादीच. ती ताईचीच कशावरून? मामांनी मनाशी हा हिशेब केला आणि त्याच दमात त्यांना स्वतःचा राग आला, कारण ताईची नसली तर दुसऱ्या कुणाच्या तरी ताईची होती. फाटकापलीकडे मुलं डोकावत होती. मामांनी डब्यावर आणि तळावर कागद पसरला, नजर मुद्दाम दुसरीकडे ठेवली आणि ओतलं. हात कुठेच अडला नाही. पंचवीसेक वर्षांच्या सवयीनं तो आपला फिरत राहिला.

मग ते वाट बघत उभे राहिले. चष्म्याच्या आत घाम साचला होता. देवावर त्यांचा फारसा भरवसा नव्हता, तरी त्या वेळात त्यांनी एकट्या ताईपुरतं मागितलं, आणि मागताना त्यांना लाज वाटली.

वेळ झाल्यावर त्यांनी कागद उचलला. बाकी सगळ्या नळ्या धड होत्या. एकच तडकली होती, वरच्या अंगाला, बुचाजवळ. त्यांनी ती चिमट्यानं उजेडात धरली. ताईचं नाव नर्सनं टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, लांबूनही वाचता आलं असतं. नळी पाऊण भरलेली होती. पण तडकलेल्या जागेतून ब्लीच आत गेलं होतं, आणि त्यात जंतू शोधायचे म्हणजे धुतलेल्या ताटात जेवण शोधण्यासारखं होतं.

मामांनी तिथूनच प्रयोगशाळेला फोन लावला. तिथल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"परत घेता येत नाही असा नमुना असेल तर फुटकी नळीही घेतो आम्ही," त्या म्हणाल्या. "नुसती दुहेरी पिशवीत घालून आणली असती तरी चाललं असतं. ओतायच्या आधी फोन करायचा होता."

"हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं."

"विचारलं नव्हतं ना कुणी," बाई म्हणाल्या. त्यांचंही खोटं नव्हतं. उरलेल्या नळ्या मामांनी पुसून दुसऱ्या डब्यात भरल्या. ताईची नळी लाल पिशवीत टाकली, पिशवीला गाठ मारली, आणि ती गाठ त्यांना दोनदा मारावी लागली.

वॉर्डात जाईपर्यंत त्यांनी सगळं मनात जुळवून ठेवलं होतं. नियम का केला, शाळा किती जवळ होती, मुलं कशी डोकावत होती. ताई उशाला टेकून बसली होती. मामांचा चेहरा बघूनच तिला काय ते समजलं.

"माझंच फुटलं?"

"हो."

"आधी वाचलं नाहीस?"

"नाही."

तिनं चेष्टा केली नाही. खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "एकदा तरी वाचायचं होतंस रे."

मामांनी जुळवून आणलेलं सगळं तसंच राहिलं. आज नको, उद्या सांगू, असं त्यांनी ठरवलं. त्यांची सारी हयात अशीच उद्यावर गेली होती.

इंजेक्शनं सुरू झाली. आधी ताईला कानात शिट्टी वाजल्यासारखं होऊ लागलं. मग ती नर्सला एकच गोष्ट दोनदा विचारायला लागली. शेजारच्या खाटेवरच्या बाईकडे भेटायला माणसं आली की ताई त्यांच्या ओठांकडे टक लावून बघायची आणि थोड्या वेळानं कूस बदलायची. खोकला होता तसाच राहिला. डॉक्टरांनी आता मामांना बाजूला घेणं सोडून दिलं होतं. तिच्या खाटेशेजारीच उभं राहून ते बोलत, आणि ताई दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत राही.

एका संध्याकाळी मामांना राहवलं नाही. त्यांनी स्टूल ओढलं आणि खाली मान घालून सगळं सांगितलं. शाळेचं, मुलांचं, नियमाचं. आणि वाकून नुसतं बघितलं असतं तर हात नक्की अडला असता, हेही सांगितलं. उभ्या जन्मात ते इतकं सलग कधी बोलले नव्हते.

ताईनं कानामागे हात धरला.

"मोठ्यानं बोल की जरा," ती म्हणाली. "काही ऐकू येत नाही."

वॉर्डात पाहुण्यांची गर्दी होती. मामांनी तोंड उघडलं, आजूबाजूला बघितलं, आणि ओरडून विचारलं, "जेवलीस का?"