झोपेतलं बोट

नव्या फोनचं बाजूचं बटण दाबून धरलं, तरी तो बंदच होईना; उलट बोलायला लागायचा. ते विचारायला मी निशातगंज बाजारातल्या मोबाइलच्या दुकानात गेले होते. शेजारी चाळिशीची एक बाई आपल्या नव्या फोनवर अंगठा टेकवत होती. फोन उघडला की हसायची, बंद करून पुन्हा टेकवायची.

"अब आपके सिवा कोई नहीं खोल सकता," दुकानदार म्हणाला.

तिचं हसू थांबलं. "भैया, मैं सोती रहूँ और कोई मेरी उँगली लगा दे, तो?"

"तब तो खुल जाएगा."

"तो हटा दीजिए. नंबर वाला लगाइए."

माझ्या फोनवर नवऱ्याचं बोट मीच हौसेनं नोंदवलं होतं. हिला मात्र झोपेतही स्वतःचा हात जपायचा होता.

ओढणीच्या आडोशाने तिने नंबर घातला. मग माझ्याकडे वळली. "दीदी, आपने देखा तो नहीं?"

"नहीं," मी म्हटलं.

ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली आणि दुकानदाराला म्हणाली, "एक बार फिर बदल दीजिए."

मला राग आला नाही. तिचं होईपर्यंत मी पाठ फिरवून रस्त्याकडे बघत उभी राहिले.